फितुराची जागा

दोहा, कतार
शुक्रवार, २२ ऑक्टोबर २०२१

महिपती,

तुझ्या दाजीचा रामराम. फोन लावून लावून बोट झिजलं माझं. व्हॉट्सॲपवर तुझा फोटो दिसायचा, तिथं आता नुसतं करडं डोकं दिसतं. म्हणजे मला ब्लॉक केलंस. कर बाबा. पण मीही सांडू आहे, किल्ल्यावर अठरा वर्षं गाईड होतो. ऐकणारा उठून चालायला लागला तरी त्याच्या मागं मागं बोलत जायची सवय आहे मला. तेव्हा हे पत्र. वैजापूरचा एक प्लंबर सुट्टीवर चाललाय, त्याच्या हाती देतोय. फाडायचंच असलं तर निदान वाचून फाड.

तुझ्या वस्तू माझ्यापाशी आहेत. ब्लँकेट, दाढीचा डबा, ममतासाठी घेतलेलं ते घड्याळ (किसनची पोरगी, पण तुझाच जीव जास्त तिच्यावर), आणि त्या सकाळी माझ्या हातात दिलेला जेवणाचा डबा. डबा धुऊन ठेवलाय. काळजी करू नको.

तुम्हा तिघांना घरी धाडायला नेलं त्याला सात आठवडे झाले. कॅम्पात आता कुणी कुणाशी बोलत नाही. खोल्या बदलल्या. एका खोलीत एका भाषेची दोन माणसं ठेवायची नाहीत असा हुकूम आहे. माझ्या खोलीत एक केनियाचा, एक बांगलादेशी, एक श्रीलंकेचा. रात्री सगळे आपापल्या फोनकडं तोंड करून झोपतात. शुक्रवारी जेवण झाल्यावर मी हरपाळदेवाची गोष्ट सांगायचो ना, ते बंद. मेसमध्ये जमायचंच बंद. टेकबहादूरच्या खाटेवर नवीन माणूस आलाय. त्याला कुणी सांगितलं नाही की आधीचा याच खाटेवर झोपेतून उठला नाही.

आज थुमामाला नव्या स्टेडियमची पहिली मॅच आहे. सगळा रस्ता गाड्यांनी भरलाय, आमची बस दोन तास अडकली होती. पोरं खिडकीला नाक लावून बघत होती. तू असतास तर ड्रायव्हरला म्हणला असतास, यल्ला भाई, इथंच उतरव, आम्ही उभ्यानं बघतो.

महिपती, तुझी शोभाताई सांगते की तुझ्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावाला मीच इथं आणलं, मी त्याचं वाईट चिंतेन का? मला काही माहीत नव्हतं रे. मला वाटलं नवी साईट आहे. मुदीरनं, म्हणजे आपल्या त्या मिसरी मॅनेजरनं, जशी यादी दिली तशी मी हजेरी घेतली. टाइमकीपरचं काम काय, नाव वाचणं. कुणी जाऊन सांगितलं असेल ते देव जाणे. आदल्या दिवशी ऑफिसात बरेच जण जा-ये करत होते. किसनसुद्धा गेला होता म्हणे, रजेच्या कागदासाठी. मी काही म्हणत नाही. आपल्याच गावचा माणूस आहे.

मामींना जावयाचा नमस्कार सांग. सीताफळं आली असतील. यंदा त्यांच्या पाटीशेजारी तू बसतोस असं शोभा म्हणाली.

तुझा,
सांडू दाजी


दोहा
१४ जानेवारी २०२२, संक्रांत

महिपती,

तिळगूळ घे. इथल्या दुकानातला आहे, दाताला चिकटतो, तोंड आपोआप बंद राहतं.

शोभा म्हणाली, तू पत्र वाचलंस. दोनदा वाचलंस, आणि घडी करून खिशात ठेवलंस. काही बोलला नाहीस म्हणे. आयला, तू आणि काही बोलला नाहीस! किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, मशाल धरून माझ्या पुढं चालायचास तेव्हा पर्यटक मला विचारायचे, गाईड नक्की कोण आहे?

आज सगळा दिवस मला किल्लाच दिसतोय. आपला खेळ आठवतो का तुला? मोठ्या दरवाज्यापाशी सगळ्यांना थांबवायचं. मग मी सुरू व्हायचो. तेराशे अठरा साल. अल्लाउद्दीन मेलाय, दिल्लीत सावळा गोंधळ, आणि इथं रामदेवरायाचा जावई हरपाळदेव म्हणतोय, आता दिल्लीला मान तुकवणार नाही. वीस-बावीस वर्षांचा नवा सुलतान, मुबारक, स्वतः फौज घेऊन निघतो. हरपाळ डोंगरात शिरतो. पण सापडतो. आणि मग सुलतान त्याला नुसतं मारत नाही. जिवंतपणी कातडं सोलतो, आणि याच देवगिरीच्या दरवाज्यावर टांगतो. इथं मी हात वर करायचो, तू मशाल वर करायचास, आणि शाळेच्या सहलीतल्या मुली किंकाळी फोडायच्या. लई मजा यायची आपल्याला. माणसाचं कातडं, आणि आपल्याला मजा यायची.

म्हाताऱ्या गाईडांनी मला इतकंच शिकवलं होतं. पळाला, धरला, सोलला, टांगला. पण एकदा जालन्याकडची एक चिमुरडी उठून म्हणाली, काका, डोंगर एवढा मोठा, मग तो सापडला कसा? सांगता येईना. म्हणून मी त्या क्षणी एक माणूस रचला. हरपाळला रोज भाकरी पोचवणारा, त्याच्याच घरातला. त्यानं एक दिवस भाकरी खाली ठेवली आणि नुसतं बोट दाखवलं. बोललासुद्धा नाही. नुसतं बोट. तुला तर माहीत आहे, महिपती, तो माणूस कुठल्या पुस्तकात नाही. तो मी तोंडाला येईल तसा बनवला. पण लोकांना हरपाळपेक्षा तोच आवडायला लागला. मग मी जागाही दाखवायला लागलो. किल्ल्याच्या बाहेर, मामींच्या पाटीपलीकडं, लिंबाखाली. हा बघा, फितूर इथं उभा होता, मारा खडा! पोरं मारायची. हमिदाबी पेरू विकता विकता मारायची. बघता बघता खड्यांचा ढीग झाला आणि गावातले शहाणे लोकही त्याला फितुराची जागा म्हणायला लागले. त्या फितुराचं नाव काय, असं मात्र कुणी कधी विचारलं नाही.

इथंही एक दरवाजा आहे. सांगणार नव्हतो, पण सांगतो. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या गेटावर तिघांचे गेटपास मोठे करून लावले. फोटोसकट. वर लाल शिक्का, रद्द. तुझा मधोमध. टेकबहादूरचा भाचा डावीकडं, तो तेलुगू यादगिरी उजवीकडं. पावणेदोनशे माणसं रोज पहाटे त्याच्याखालून बसमध्ये चढतात आणि मी तिथंच उभा राहून हजेरी घेतो. उन्हानं कागद पिवळा पडलाय. तुझे डोळे आता नीट दिसत नाहीत. कुणी काढत नाही. मी पण नाही.

किसन फेब्रुवारीत सुट्टीवर येतोय. ममताचं जमतंय म्हणे, कन्नड तालुक्यातलं स्थळ. चांगलं झालं.

सांडू


दोहा
शुक्रवार, ४ मार्च २०२२

महिपती,

हे काय केलंत तुम्ही?

शोभानं काल रडत रडत सांगितलं. ममताच्या साखरपुड्याच्या दिवशी, पाहुणे ओसरीवर बसलेले असताना, पोरांनी किसनच्या दारावर खडे मारले. फितूर फितूर म्हणत. पाहुण्यांनी विचारलं काय प्रकार आहे, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की या माणसानं कतारला आपल्याच गावच्या माणसाला पकडून दिलं. पाहुणे चहा न घेता उठले. किसनची बायको हौसाबाई त्यांच्या गाडीमागं रस्त्यापर्यंत पळत गेली. एका बाईमाणसानं गाडीमागं पळायचं!

खडे मारायला कुणी शिकवलं या पोरांना? मीच. माहीत आहे मला. नको सांगू.

पण किसनचं नाव कुणी घेतलं? शोभा म्हणते, तू पारावर माझं पत्र वाचून दाखवलंस. अरे, मी त्यात काय लिहिलं होतं? तो ऑफिसात गेला होता एवढंच. रजेच्या कागदासाठी, असंही लिहिलं होतं. मी काही म्हणत नाही असंही लिहिलं होतं! त्याचा असा अर्थ काढतात का?

काढतात. अठरा वर्षं लोकांना गोष्टी सांगून पोट भरलं मी. कुठलं वाक्य कुठं ठेवलं की ऐकणाऱ्याची मान कुठं वळते, हे मला कळत नाही असं म्हणलं तर माझी मलाच लाज वाटेल. ते वाक्य मी ठेवलं होतं. तू माझ्याकडं बघत होतास, म्हणून तुझी मान मी तिकडं वळवली.

किसन नाही, महिपती. एवढं मी खात्रीनं सांगतो. टेकबहादूर गेला त्या सकाळी बसच्या पायरीवर तू उभा राहिलास, म्हणालास की तो उन्हानं मेला असं कागदावर लिहा, तोवर कुणी चढणार नाही. तेव्हा तुझ्या बाजूला दुसरा कोण येऊन बसला होता? किसनच. आदल्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात टेकबहादूरला लोखंड बांधायला लावलं होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. 'नैसर्गिक मृत्यू' हा शब्द खोडून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं तो पण म्हणत होता. तीन दिवस तुम्ही सगळे त्या डांबरावर बसलात. माझ्या केबिनच्या काचेतून मी बघत होतो.

हे पत्र पारावर वाच. मोठ्यानं वाच. किसन नाही. मला कसं माहीत, ते विचारू नको.

सांडू


दोहा
शुक्रवार, २७ मे २०२२

महिपती,

तू विचारलंसच. शोभाच्या तोंडून निरोप आला, किसन नाही तर कोण, नाव सांग म्हणावं दाजीला. आठ महिन्यांत तुझं हे पहिलं वाक्य. आणि तू पत्र पारावर वाचलं नाहीस. नावाशिवाय वाचणार नाही म्हणालास. तुझं बरोबरच आहे.

किसन परत आलाय. त्यानं कंपनी बदललीय आता, अबू हमूरला व्हिलांच्या फरशा बसवतो. गेल्या शुक्रवारी मी मुद्दाम गेलो. मॉलसमोर जरा हिरवळ आहे, तिथं बसलो. मला वाटलं होतं तो कॉलर धरेल. त्यानं पिशवीतून हौसाबाईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली आणि म्हणाला, दाजी, पोळी आहे का तुमच्याकडं?

मी म्हणलं, किसन, गावात लई वाईट झालं.

तो म्हणाला, झालं खरं.

मी म्हणलं, तू काही बोलला का नाहीस? शपथ घ्यायची, भांडायचं.

तो चटणीत बोट फिरवायला लागला. मग म्हणाला, "दाजी, रजेचा कागद घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतून तुम्हाला बघितलं मी. मुदीरच्या समोर. चहा पीत होतात. कागदावर लिहीत होतात."

मी पोळी खाली ठेवली आणि विचारलं,

"मग हे गावात का सांगितलं नाहीस?"

"शोभाताई मला राखी पाठवते. बारा वर्षं झाली, एक साल चुकवलं नाही. माझ्या दारावर पडले ते खडे तिच्या दारावर पाडू का मी?" असं म्हणाला. आणि म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा दाजी. मी काही बोलणार नाही. पण ममता आता दाराबाहेर पडत नाही. नळावर पाणी भरायला तिची आई जाते."

मग त्यानं चटणीची पुडी बांधून माझ्या खिशात घातली. तुम्हाला आवडते म्हणाला.

महिपती, मी ऑफिसात गेलो होतो. हो. मला बोलावलं होतं. मुदीरनं स्वतःच्या हातानं चहा ओतला. त्याला सगळं आधीच माहीत होतं, नावंसुद्धा त्याच्याकडंच होती, मी फक्त स्पेलिंग नीट लिहून दिलं. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. सगळ्यांना घरी पाठवीन म्हणत होता. बाकीची एकशे सत्त्याहत्तर माणसं वाचली, तू एवढं तरी बघ.

हे आत्ता परत वाचलं. माझाच मला राग येतोय. पण पाठवतो, नाही तर उद्या धीर होणार नाही.

सांडू


दोहा
शुक्रवार, १८ नोव्हेंबर २०२२

महिपती,

हे शेवटचं पत्र. किसनच्या हाती देतोय. पाकीट चिकटवलंय, उघडू नको म्हणून सांगितलंय, आणि तो उघडणार नाही, तेवढा सरळ आहे तो. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. तो उद्या निघतो, सोमवारी गावात असेल.

इकडं परवा वर्ल्ड कप सुरू होतोय. रस्त्यारस्त्यावर झेंडे, रंगीत दिवे, विमानातून टोप्या घातलेले लोक उतरतायत. काम संपलं म्हणून आमचा कॅम्प रिकामा केला. हजेरीला फक्त बावीस नावं उरली, ती मी काल वाचली. वाचून झाल्यावर रजिस्टर मिटलं आणि गेटावर गेलो. तुमचे तीन कागद अजून तिथंच होते. वाऱ्यानं यादगिरीचा अर्धा गेलाय. मी तिन्ही काढले. पहारेकरी म्हणाला, खलास, ले जाओ. चौदा महिने मला वाटत होतं की त्याला हात लावला तर कुणी धरेल. कुणी काही म्हणणार नव्हतं.

आता नीट सांगतो. मध्ये तोडणार नाही, सजवणार नाही.

मुदीरकडं नावं नव्हती. मागल्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याला आपली तोंडं सगळी सारखीच दिसायची, त्याला फक्त नंबर माहीत होते. एकशे ऐंशी माणसं परत पाठवली तर वर्ल्ड कपच्या आधी नवी कुठून आणणार, म्हणून तोही घाबरलेला होता. त्यानं तीन नावं मागितली. सुरुवात कुणी केली त्यांची. म्हणाला, फक्त बोलणार आहे त्यांच्याशी, इन्शाल्ला काही होणार नाही. मी तेव्हाही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ठेवला असं इतके दिवस स्वतःला सांगत आलो.

पहिलं नाव मी तुझं लिहिलं. तुझ्याबद्दल कुणी विचारायच्या आधी. तू माझा मेहुणा, ते त्याला माहीत होतं, तुला गाळलं तर मलाही त्यातलाच समजेल असं वाटलं.

का, ते विचारशील. पोरंबाळं, घर, असं काहीही सांगता येईल, आणि सांडूला सांगायला काय कमी आहे. पण खरं ते फार लहान आहे रे. नऊ वर्षं मी इथं उन्हात लोखंड बांधलं. पाठीची कातडी दरसाल निघायची, तू पाहिलीस. मग टाइमकीपर झालो आणि केबिन मिळाली. एक खुर्ची, एक एसी, पाण्याचा कूलर. मुदीर म्हणाला, नावं नाही दिलीस तर उद्यापासून परत लोखंडावर. मला ती सावली सोडवेना. एवढंच. टेकबहादूर उन्हानं मेला हे कागदावर लिहून घ्यायला तुम्ही उन्हात बसला होतात, आणि मी सावलीसाठी तुम्हाला दिलं.

मुदीर म्हणाला, सकाळी गडबड नको, आरडाओरडा नको, तू नेहमीसारखी हजेरी घे, फक्त ही तीन नावं शेवटी घे. आपल्याकडं पद्धतच होती ना, शेवटी घेतलेली नावं म्हणजे दुसरी साईट, छोटी बस. कुणाला संशय येणार नाही. मी तसं केलं. एकशे सत्त्याहत्तर नावं वाचली, माणसं मुकाट चढली, कारण आदल्या संध्याकाळी मीच खोल्याखोल्यांतून सांगितलं होतं की कंपनी कागद बदलून देतेय, चला कामावर. आणि मग तुझं नाव वाचलं. तू हसून म्हणालास, "हाजिर, दाजी! आम्हाला कुठं?"

मी म्हणलं, नवी साईट. सावलीतलं काम आहे.

तू खूश झालास. टेकबहादूरच्या भाच्याच्या पाठीवर थाप मारलीस. आणि तुझा डबा माझ्या हातात देऊन म्हणालास, केबिनमध्ये ठेवा दाजी, गार राहील, दुपारी येऊन खातो. छोटी बस वळेपर्यंत तू खिडकीतून हात करत होतास. विमानतळाचा रस्ता कुठं वळतो ते तुला फार उशिरा कळलं असेल. नऊ दिवस तुम्हाला विमान मिळेपर्यंत कोठडीत ठेवलं, तुझ्या पायात स्लिपर होत्या, आणि घरी आलास तेव्हा मामींनी तुला दारात ओळखलं नाही, हे शोभानं सांगितलं. मी फोनवर हं हं करत होतो.

डबा धुऊन ठेवलाय, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आत काय होतं ते लिहिलं नाही. त्या पहाटे तू स्वतः थापलेल्या दोन भाकरी आणि ठेचा. दुपारी एक वाजला. केबिनमध्ये गार वाटत होतं. बाहेर माणसं खाली मान घालून काम करत होती. मला भूक लागली होती, महिपती. मी त्या दोन्ही भाकरी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. मग डबा धुतला.

तो भाकरीवाला मी कुठून आणला होता, हे मला त्या दुपारी कळलं. इतकी वर्षं लोकांना सांगत होतो की हरपाळच्या घरातला एक माणूस होता. देवगिरीत तसा माणूस होता की नव्हता, देव जाणे, बिचाऱ्याचं कुठं नाव नाही, गाव नाही. असलाच तर त्याला काय भीती होती, त्याच्या डोक्यावर तलवार होती की काय, ते आपल्याला माहीत नाही. माझ्या डोक्यावर एसी होता.

आता काम सांगतो. चंपाषष्ठीला ममताला बघायला पाहुणे येणार आहेत, सिल्लोडकडचे. किसननं मला सांगितलं नाही, शोभानं सांगितलं. पाहुणे आधी गावात चौकशी करणार, किल्ल्यावर मामींच्या पाटीपाशी थांबणार, सगळे तिथंच थांबतात. त्याच्या आत हे पत्र वाच. पारावर नको. तिथं, लिंबाखाली, सगळे विकणारे, गाईड, हमिदाबी, पोरं, सगळ्यांना गोळा करून वाच. एक ओळ गाळू नको. भाकरीची तर मुळीच गाळू नको. हौसाबाईला आणि ममताला पुढं बसव. आणि घड्याळ पाठवलंय, ते ममताला तूच दे.

त्या फितुराला मी कधी नाव दिलं नव्हतं. आता गाईडांना सांग, नाव आहे म्हणावं. सांडू. गाव हेच. पोरांना खडे मारायचे असतील तर तिथंच मारू देत, किसनच्या दारावर एकसुद्धा पडता कामा नये.

मी डिसेंबरच्या सहा तारखेला येतो. आणायला कुणी येऊ नका. घरी आधी जाणार नाही, किल्ल्याशी उतरून त्याच जागेवर उभा राहीन. तू येशील की नाही ते तुझं तू ठरव. मामी तिथंच बसलेल्या असतील, त्यांच्याकडं माझ्यानं बघवणार नाही.

एकच मागतो. मागायचा हक्क नाही, तरी मागतो. त्या दिवशी शोभाला सकाळीच तुझ्या घरी घेऊन जा आणि दार लावून घे. पोरं खडे उचलतील तेव्हा ती मध्ये येऊन उभी राहील. मी ओळखतो तिला.

सांडू